फ्लेक्सवरची अनाथ

बकुळा उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये धागाकटिंग करते. कारखान्यात शिवलेल्या जीन्सचे गठ्ठे तिच्या खोलीत येऊन पडतात आणि ती मांडी घालून, छोट्या कटरनं लोंबणारे धागे उडवत बसते. नवरा कावीळ होऊन गेला. त्यानंतर याच कामावर तिनं करिष्माला वाढवलं. कोऱ्या जीन्सचा निळा रंग तिच्या बोटांत असा मुरलाय की साबणानं जात नाही. चाळ तिला तोंडाळ म्हणते. आहेच ती. नळावर कुणी रांग मोडली तर आधी त्याचा हंडा उचलून बाजूला ठेवते, मग बोलते.

चाळीत एक संस्था दर महिन्याला धान्य, तेल आणि पोरांसाठी दुधाची पावडर वाटायची. काहींची शाळेची फीसुद्धा भरायची. बकुळानं सुरुवातीला नको म्हटलं होतं. पण मधे जीन्सचा धंदा बसला, गठ्ठे यायचे थांबले, करिष्माची फी थकली, तेव्हा तिनं मुकाट्यानं पिशवी घेतली. संस्थेच्या गाडीमागून तिथला महेंद्र बदलापूरहून बाईकवर यायचा. गोड बोलायचा, म्हाताऱ्यांच्या पिशव्या स्वतः घरात नेऊन ठेवायचा. वाटप झालं की फोटो काढायचा.

"ताई, रेकॉर्डला लागतो."

बकुळा करिष्माच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. "हस गं," ती पोरीला म्हणाली.

"नको, हसू नकोस," महेंद्र म्हणाला. "साधाच चेहरा ठेव."

काम पुन्हा सुरू झालं आणि महाशिवरात्र आली. मायलेकी अंबरनाथच्या शिवमंदिराच्या जत्रेला गेल्या. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी खेळण्यांची, बांगड्यांची दुकानं लागली होती. करिष्माला पाळण्यात बसायचं होतं. पाळण्याकडे वळता वळता ती एकदम थांबली.

"आई, ती मी आहे."

बांबूच्या चौकटीवर भलामोठा फ्लेक्स ताणून बांधला होता. त्यावर करिष्माचा चेहरा, डोक्यापासून हनुवटीपर्यंत माणसाएवढा. खाली लिहिलं होतं, 'हिला आई नाही. तुम्ही व्हाल?' खाली टेबल, टेबलावर दानपेटी आणि रांगेत उभी राहून पैसे टाकणारी माणसं.

बकुळा वर बघत राहिली. फ्लेक्सवर पोरीच्या खांद्यावर चार निळी बोटं होती. बोटांच्या पुढची बाई कापून टाकली होती.

तेवढ्यात रांगेतल्या एका बाईनं करिष्माला ओळखलं. चांगल्या घरातली होती, हातात पूजेचं ताट. तिनं पोरीच्या गालावरून हात फिरवला, मुठीत नोट कोंबली आणि बकुळाला विचारलं, "तुम्ही संस्थेतल्या का? छान सांभाळता हो."

"मी आई आहे तिची."

"हो ना, आईसारखंच करावं लागतं," ती बाई म्हणाली आणि पुढं गेली.

करिष्मानं नोट जमिनीवर टाकली आणि रडायला लागली. पाळणा राहिला. बकुळा तिला घेऊन तशीच घरी परतली.

दुसऱ्या दिवशी ती कॅम्प दोनमधल्या संस्थेच्या ऑफिसात गेली. महेंद्रनं खुर्ची दिली, चहा मागवला. तिनं चहाला हात लावला नाही.

"माझी पोरगी अनाथ कधी झाली?"

"ताई, तो डिझाइनवाल्याचा विषय आहे. तसं शब्दशः नाही घ्यायचं."

"मग कसं घ्यायचं? तिथं लिहिलंय तिला आई नाही. मी काय मेले?"

महेंद्र खालच्या आवाजात बोलायला लागला. त्यालाही बरं वाटत नसावं. "खरं सांगू का? आधी तुमचा दोघींचा फोटो लावला होता. कुणी थांबलंच नाही. लोक म्हणतात, आई धडधाकट आहे, काम करू दे तिला. आई असली की लोक देत नाहीत, ताई. आणि त्याच पैशातून तुमच्याकडे पावडर येते ना?"

"म्हणून मला कापलंस?"

"कापलं नाही, क्रॉप केलं."

"आणि माझा हात कशाला ठेवलास मग? तोही कापायचा!"

आतल्या केबिनमधून राजसी मॅडम बाहेर आल्या. संस्था त्यांचीच. त्या शांतपणे म्हणाल्या, जत्रा संपली की फ्लेक्स निघेलच, एवढं मनाला लावून घेऊ नका, शेवटी भलं मुलांचंच होतंय.

"तुमच्या पोराचा लावा ना मग," बकुळा म्हणाली. "लिहा खाली, आई मेली म्हणून. बघू किती भलं होतंय."

मॅडमचा चेहरा उतरला. बोलणं तिथंच संपलं.

जत्रा संपली तरी फ्लेक्स निघाला नाही. करिष्माच्या वर्गातल्या पोरांनी तो पाहिला होता. 'अनाथ आली रे' म्हणून पोरं तिला चिडवायला लागली. एका सकाळी करिष्मानं दप्तर कोपऱ्यात टाकलं आणि शाळेत जाणार नाही म्हणाली.

त्याच सकाळी बकुळा कटर घेऊन अंबरनाथला गेली. जवळच्या नारळवाल्याकडून स्टूल मागितलं. त्याला वाटलं, बाई हार घालणार असेल. ती वर चढली आणि कटर फ्लेक्समध्ये खुपसला. पातं धाग्यासाठीचं, फ्लेक्स जाड. ते अडकायचं, ती उपसून पुन्हा मारायची. माणसं जमली, मोबाइल वर झाले. कुणीतरी ओरडलं, "ए बाई, पागल झाली काय!" तिनं वळून पाहिलं नाही. पोरीचा चेहरा आणि खांद्यावरचा आपला हात तिनं एकत्र कापून घेतला, वळकटी करून काखेत मारला आणि खाली उतरली.

पोलिसांनी तिला चौकीत नेलं. हवालदारानं सगळं ऐकून कपाळावर हात मारला. राजसी मॅडमनी फोनवरून निरोप दिला, तक्रार करायची नाही, तिनं फक्त माफी मागावी.

"माफी तिनं मागायची," बकुळा म्हणाली. हवालदारानं समज देऊन सोडलं.

पुढच्या महिन्यात संस्थेची गाडी चाळीत आली नाही. ना धान्य, ना पावडर. मुलगी गेल्यापासून दोन नातवंडांना एकटी सांभाळणारी शेजारची सुंदराबाई दारात येऊन उभी राहिली.

"तुझ्या पोरीच्या एका फोटोपायी माझ्या पोरांचं दूध गेलं. काय मिळवलंस?"

"दूध त्यांनी बंद केलं, मी नाही."

"त्यांना मी कुठं गाठू? तू शेजारी आहेस, तुलाच बोलणार!"

बकुळाचा खरा संताप तेव्हा झाला. फ्लेक्सवर नाही, चौकीत नाही, तर तिथं, त्या दारात. देणारे वर बसलेत आणि आपण दोघी उंबऱ्याला उभ्या राहून भांडतोय, हे तिला सहन होईना. तिनं अर्धा किलो साखर उचलून सुंदराबाईच्या हातात आदळली. सुंदराबाईनं ती तिथंच ठेवली आणि निघून गेली.

पुढं गाडी पुन्हा सुरू झाली, बकुळाची खोली वगळून. पहिल्याच वाटपाला महेंद्रनं मोबाइल काढला आणि म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा, फक्त पोरं हवीत." सुंदराबाई हलली नाही. तो पुन्हा म्हणाला. ती नातवंडांना पुढ्यात धरून तशीच उभी, दगडासारखी. शेवटी त्यानं फोटो न काढताच पिशवी दिली. बकुळा दारातून बघत होती. त्या दोघी आजही एकमेकींशी फारशा बोलत नाहीत.

करिष्माची फी आता बकुळाच भरते, म्हणजे गठ्ठे जास्त आणि झोप कमी. पोरगी शाळेत जायला लागली, तिची समजूत घालून नव्हे, जवळजवळ ओढून. चिडवणं पूर्ण थांबलेलं नाही. त्यामुळं पालकसभा असो नसो, बकुळा मधल्या सुट्टीत शाळेच्या आवारात जाऊन बसते. बाईंनी एकदा विचारलं, "काही काम होतं का?"

"नाही," ती म्हणाली. "बघू दे सगळ्यांना, आई आहे ते."