लामदुआन मावशीचा उजवा हात

आमच्या बान खाई गावात नवी पिकअप घ्यायची तर माणूस आधी लामदुआन मावशीला गाठतो, भिक्खूंना नंतर. मावशी पांढरा सुती हातमोजा पिशवीत टाकून शोरूमला येते, डोळे मिटून पत्र्यावरून उजवा तळवा फिरवते आणि दोनातला एकच शब्द बोलते. "घे", नाहीतर "परत". "परत" म्हटलं की सेल्समन कपाळ पुसायला लागतात. भिक्खू छतावर आतून आशीर्वादाच्या, पांढऱ्या गंधाच्या खुणा काढून देतात, पण मावशीनं परत केलेली गाडी त्यांच्यापर्यंत पोचतच नाही.

सत्तावीस वर्षं ती रायोंगच्या एका पिकअप कारखान्यात तपासणीला होती, तेही रंगाच्या आधीच्या. कोरा पत्रा समोर यायचा, तिनं हात फिरवायचा, केसाएवढा खोलगट भाग लागला की पिवळ्या मेणखडूनं गोल काढायचा. हातमोज्यातून उलट जास्त कळतं म्हणायची. उघड्या कातडीला पत्रा चिकटतो आणि खोटं सांगतो. तिचं आणि नवऱ्याचं कधी पटलं नाही. "नवरा निवडताना हात नव्हता का फिरवला, मावशी?" असं मी एकदा विचारलं होतं.

"फिरवला की. रंग लागल्यावर फिरवला, तिथंच फसले."

निवृत्त झाल्यापासून ती देवळासमोर चिकट भात आणि आंबा विकते. मी सवारीची पिकअप चालवतो. मागे दोन बाकं, वर छप्पर, बाजार ते कारखान्यांची वसाहत. सकाळचं खाणं तिच्याच टपरीवर. गेल्या पावसाळ्यात माझी जुनी गाडी दमली म्हणून मी नवी घेतली. मावशीनं हात फिरवला, "घे" म्हणाली, मी घेतली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तिरप्या उन्हात माझ्याच बाजूच्या दारावर, हँडलच्या खाली, अंड्याएवढा खड्डा दिसला. उथळ होता, पण होता. वाटलं, शोरूममधून निघताना कोणीतरी धक्का दिला असेल. पंधरा दिवसांनी मावशीनं वाफेवरची भाताची टोपली उतरवली आणि तिच्या बोटांवर टरारून फोड आले. तिचं लक्षच नव्हतं. मी ओरडलो तेव्हा तिनं खाली बघितलं.

"साखर वाढलीय," ती म्हणाली. "आणि तू तोंड बंद ठेव, सनित."

मी ठेवलं. खड्ड्याबद्दलही ठेवलं. मला वाटलं, माया म्हणजे हेच.

मग ती विजेवरची पिकअप आली. आमच्या पिकअपप्रेमी मंडळाचा प्रमुख कासेम, फ्रिज दुरुस्त करणारा. त्यानं कुठून तरी कंपनीशी संधान बांधलं आणि रविवारी सकाळी देवळाच्या आवारात गाडी आणायचं ठरवलं. अजून बाजारात न आलेली, चाचणीसाठी बनवलेली गाडी. बरोबर पाकोर्न नावाचा एक तरुण इंजिनियर येणार होता. त्यानं आधी मावशीला फोन केला. वसाहतीत त्यांचा नवा कारखाना उभा राहतोय, तपासणीला येणाऱ्या पोरींना शिकवायला जुनं माणूस हवंय, रविवारी जरा भेटू. मावशीनं कारखान्यातला निळा शर्ट पेटीतून काढला, इस्त्री केला. निवृत्तीनंतरच्या पाच वर्षांत तिच्या तोंडावर मी असा उजेड पाहिला नव्हता, आणि म्हणूनच माझा जीव टांगणीला लागला होता.

रविवारी साठेक माणसं जमली. गाडी झकास होती, यात वाद नाही. पण आमच्या लोकांना झकास दाखवलं की ते आधी वाकून खाली बघतात. कोणी टॉर्च घेऊन चाकामागे झोपला, कोणी दार आठदा आपटून कान लावला. एक लठ्ठ गृहस्थ मागच्या फळीवर बसून नुसते हलत राहिले. कासेम एक बाहतचं नाणं घेऊन प्रत्येक फटीत घालून बघत होता.

"इथं एक नाणं जातंय, तिथं दोन! ही फट आहे की दानपेटी?"

"आवाजच नाही हिला," दुसरा म्हणाला. "मी घरी आलो ते बायकोला कळणार कसं?"

"मग बाबा, तूच पहिली बुक कर."

पाकोर्न बिचारा हसून सांगत होता, "ही विक्रीची गाडी नाही हो. अशा चाळीसच बनवल्यात, दारं, बॉनेट सगळं हातानं जुळवलंय. कारखाना सुरू झाला की फटी सारख्या होतील."

"म्हणजे दाखवायला ही मुलगी आणि लग्न हिच्या बहिणीशी?" कासेम म्हणाला, आणि सगळं आवार खदखदलं.

मला ही माणसं आवडतात. त्यातल्या निम्म्यांना ही गाडी या जन्मात परवडणार नाही. तरी दिव्याची कड बंपरला नीट बसली नाही म्हणून ते असे हळहळत होते जणू घरच्या कार्याची पत्रिका चुकीची छापून आलीय. एवढ्या बारकाईनं उणं काढावं इतके मोलाचे आपण किती जणांना वाटतो, हे तेव्हा माझ्या मनात येऊन गेलं.

मावशी आली तशी गर्दीनं वाट दिली. पाकोर्ननं वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, या बाजूच्या पत्र्यात एक दोष आहे. आम्हाला माहीत आहे कुठे. डोळ्यांना पटकन दिसत नाही. तुमचा हात काय म्हणतो ते बघायचंय." आजूबाजूला फोन वर झाले.

मावशीनं हातमोजा चढवला. माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या चाकापासून तिचा तळवा निघाला, बोटं जुळलेली, डोळे मिटलेले, सगळं नेहमीसारखं. फक्त मला ठाऊक होतं की त्या बोटांना उकळती वाफ कळत नाही. मी उभा होतो तिथून ऊन तिरपं पडलं होतं, आणि मागच्या चाकाच्या वर सावली किंचित मुरडलेली मला दिसत होती. मी पाण्याची बाटली घेऊन पुढे झालो. तिच्या हातात देता देता पुटपुटलो, "मागच्या चाकाच्या वर. चार बोटं."

तिनं पाणी प्यायलं. पुन्हा डोळे मिटले. हात पहिल्या दारावरून गेला, दुसऱ्या दारावरून गेला, आणि चाकाच्या वर चार बोटांवर थांबला.

"तिथंच!" पाकोर्न जवळजवळ उडालाच. टाळ्या पडल्या. कासेम असा छाती फुगवून बघत होता जणू मावशी त्यानंच घडवली.

मावशीनं हात काढला नाही. टाळ्या संपेपर्यंत तशीच उभी राहिली.

"हात थांबला नाही," ती म्हणाली. "मी थांबवला. सनितनं सांगितलं म्हणून. चार महिने झाले, या बोटांना काही कळत नाही."

पाकोर्ननं आपला फोन हळूच खाली केला. मावशी हातमोजा काढत होती, एकेक बोट ओढून.

"या चार महिन्यांत तीन गाड्या बघायला बोलावलं. दोनदा बरं नाही म्हणून सांगितलं. एकदा गेले आणि 'घे' म्हणाले. ती याची." तिनं हनुवटीनं माझ्याकडे दाखवलं. "सनित, तुझी गाडी मी न कळता पास केली."

"माहितीय मला, मावशी."

मी हे धीर द्यायला म्हणालो होतो. तिचा चेहरा असा झाला की मी दोन पावलं मागे सरकलो.

"कधीपासून माहितीय?"

"तुझी बोटं भाजली तेव्हापासून. दारावर खड्डा तिसऱ्या दिवशीच दिसला होता."

"आणि तू रोज माझ्याकडे भात खात होतास?"

"तुला वाईट वाटेल म्हणून..."

"वाईट वाटण्याचं तुला कोणी विचारलं? सत्तावीस वर्षांत माझ्या हाताखालून चुकून गेलेला पत्रा पुढच्या माणसानं मागे पाठवला. दरवेळी. शिव्या देऊन पाठवला. म्हणून माझा हात शाबूत राहिला. आणि तू? तू मला मागेच पाठवलं नाहीस. वर आज खोटं बोलायला बाटली भरून आणलीस!"

मला रडू आलं. साठ माणसांसमोर, पन्नाशीच्या ड्रायव्हरला. कोणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

मावशी तरातरा माझ्या गाडीपाशी गेली. मी मागोमाग. तिनं तो हातमोजा माझ्या हातावर चढवला. लहान होता, शिवण करकरली. "डोळे मीट. बोटं जुळव. खड्डा कुठे आहे ते विसर. आणि सावकाश, म्हैस धूत नाहीयेस."

मी हात फिरवला. पहिल्यांदा काहीच लागलं नाही. दुसऱ्यांदाही नाही. तिसऱ्यांदा हँडलच्या खाली पत्रा तळव्याखालून किंचित सुटला.

"इथं," मी म्हणालो.

तिनं पिशवीतून पिवळा मेणखडू काढला आणि तिथं गोल केला.

पाकोर्ननं जाताना तिला खूप वाकून नमस्कार केला, कळवतो म्हणाला. फोन आला नाही. मावशीनं शर्ट पुन्हा पेटीत ठेवला आणि आठ दिवस माझ्याशी बोलली नाही. भात वाढायची, पण आंबा कमी घालायची.

आता शोरूमला आम्ही दोघं जातो. हात माझा, उभी ती. गेल्या आठवड्यात कासेमच्या मेहुण्याची गाडी होती. मेहुणा गाडीला घालायला झेंडूची माळ घेऊनच आला होता, बायको, पोरं, सासू, सगळं घर नटून रांगेत उभं. बॉनेटच्या डाव्या कडेला माझा हात अडला. मी डोळे उघडले. सगळे आशेनं माझ्याकडे बघत होते, माळेवर पाणी शिंपडलेलं होतं.

"काय लागलं?" मावशीनं विचारलं.

"काही नाही वाटतं," मी म्हणालो.

ती नुसती बघत राहिली, माझ्या तोंडाकडे नाही, माझ्या हाताकडे.

"परत," मी म्हणालो.