ढोलकीमागचा आवाज

"बाई, एकदा कानाला लावून तर बघा."

हे वाक्य कानावर आलं की भोकरदनच्या आमच्या शाळेतल्या शिक्षकखोलीत ज्याला त्याला काहीतरी काम आठवायचं. कोणाला वह्या तपासायच्या असायच्या, कोणाचा घसा एकदम कोरडा पडायचा. गणिताचे सर मात्र हातातल्या हेडफोनचे दोन्ही स्पंज धुतलेल्या रुमालानं पुसत शांतपणे उभे असायचे. बहुतेक वेळा भूगोल शिकवणारी मीच त्यांच्या तावडीत सापडायचे, कारण माझं टेबल दारापासून सगळ्यात लांब होतं.

असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. कोणी चहाची पत्ती पारखत बसतो, कोणी मोटारसायकलचं अ‍ॅव्हरेज. आमच्या सरांना हेडफोनचं वेड होतं, आणि तेही भारी हेडफोनचं नव्हे. बस स्टँडसमोर रशीदभाईंचं कॅसेटचं दुकान होतं, तिथं दोरीला ओळीनं लटकलेले असत ना, तसल्या स्वस्तातल्या हेडफोनचं. शनिवारी सकाळची शाळा सुटली की सर तिकडे जायचे. नवा माल आला असला तर त्यातला एक घेऊन यायचे आणि सोमवारी शिक्षकखोलीत त्याची परीक्षा व्हायची.

परीक्षेची रीत ठरलेली होती. वॉकमनमध्ये नवे सेल, कारण सेल उतरले की आवाज रडका होतो. कॅसेट नेहमी एकच, पेन्सिल घालून फीत ताणून घेतलेली. आवाजाचं चाक एकाच खुणेवर. आधी जुना हेडफोन, मग नवा, मग पुन्हा जुना.

"आवाज उघडा येऊन राह्यला का दबून? कान तापतात का? डोक्याला चिमटा बसतो का?"

या परीक्षेत मला खास मान होता तो माझ्या कानातल्या कुड्यांमुळे. "कुडी टोचली की तो हेडफोन नापास," असा त्यांचा नियमच होता. एकदा माझ्या अंबाड्यात एका हेडफोनची पट्टी अशी अडकली की सोडवताना तार तुटली. मी ओशाळले. सर म्हणाले, "तुमचं काय चुकलं? नापास तो झाला."

हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्यानं बोलतोय याचं भान राहत नाही, हे आमच्या हेडमास्तरांना फार उशिरा कळलं. शाळेची तपासणी होती. जालन्याहून आलेले साहेब सकाळपासून वर्गावर्गात भाषणं देत फिरत होते. हेडमास्तर जरा टेकायला म्हणून खोलीत आले आणि सरांनी त्यांना गाठलं. हेडमास्तरांनी डोळे मिटून थोडा वेळ ऐकलं आणि सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "वा! त्या साहेबाच्या बडबडीपेक्षा फार बरं!" साहेब दारातच उभे होते. आम्ही सगळे वह्यांत तोंड खुपसून बसलो. सर मात्र पुढे झाले, स्पंज पुसले आणि म्हणाले, "साहेब, एकदा कानाला लावून तर बघा." साहेबांनी लावला. माणूस बरा निघाला, चहा घेऊन हसत गेला.

परीक्षा झाली की सर दहापैकी गुण जाहीर करायचे. आवाजाला सात, आरामाला सहा, बेसला तीन. बेसचे गुण नेहमी कमी. गंमत अशी की बेस जितका दणकट, तितके गुण कमी.

हे कोणालाच समजत नसे. तो काळच बेसचा होता. रिक्षात, पानटपरीवर, रसवंतीत, जिकडे तिकडे धमधम चालायची. पोरं दुकानात येऊन आधी बेस विचारायची आणि मग रंग. एकदा मी सुनेला रेडिओ घ्यायला म्हणून रशीदभाईंकडे गेले, तेव्हा सर तिथंच होते आणि दोघांची जुंपली होती.

"सर, सगळी गिऱ्हाइकं बेस मागून राह्यली. तुम्ही एकटेच उलटं बोलता."

"रशीदभाई, हा बेस न्हाई, धोंडे पाडून राह्यले कानात. कमी बेसचा दाखवा."

"कमी बेसचा माल कोण बनवणार? तुमच्या एकट्यासाठी?"

"मंग पुढच्या खेपेला बघा," म्हणत सरांनी कॅसेट रुमालात गुंडाळली आणि खिशात ठेवली. पुढच्या खेपेला रशीदभाईंनी खरंच त्यांच्यासाठी एक बाजूला काढून ठेवला. पातळ पट्टीचा, अगदी साधा, पोरांनी हातही न लावलेला.

त्याच हेडफोनमुळे मला सगळं कळलं.

दुपारची सुट्टी होती आणि खोलीत आम्ही दोघंच होतो. मी सवयीनं "बरा आहे" म्हणून मोकळी होण्याच्या बेतात होते. कॅसेटवर एक बाई गात होती, मागे पेटी आणि जोरदार ढोलकी. हे मी कितीतरी वेळा ऐकलं होतं. पण त्या दिवशी दुसऱ्या कडव्याच्या आधी त्या बाईनं तोंड बाजूला करून कोणाला तरी म्हटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. "हळू रे भाऊ. माझं ऐकू दे की लोकाला." आणि ती हसली. छोटंसं, दम घेता घेता आलेलं हसू. लगेच ढोलकीनं तिला पुन्हा झाकून टाकलं.

"हे कोणाला म्हणाली ती?" मी हेडफोन काढून विचारलं.

सर माझ्याकडे बघतच राहिले. "ऐकू आलं तुम्हाला? हसली तेपण?"

"हो."

"मला म्हणाली," सर म्हणाले. "अक्का हाय ती माझी. ढोलकीवर मी हाय."

सरांचं गाव राजूरच्या पलीकडे. तिथल्या बुद्धविहारासमोर दरवर्षी चौदा एप्रिलला गायन पार्टीचा कार्यक्रम व्हायचा, आणि त्या पार्टीत गायची त्यांची मोठी बहीण. आईच्या माघारी तिनंच यांना वाढवलं, पाठीला लागून शिकवलं. आवाज असा की शेजारच्या गावांहून बैलगाड्या यायच्या. पाठच्या भावाला तिनंच ढोलकीवर बसवलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला गावातल्या एका नोकरदारानं टेपरेकॉर्डर आणला आणि जयंतीच्या दिवशी त्यावर अक्काचं गाणं भरून घ्यायचं ठरलं. विजेची जोडणी होती ढोलकीच्या मागे. म्हणून टेप ठेवला तोही ढोलकीला लागूनच. सर तेव्हा नुकतेच कॉलेजात जायला लागले होते. एवढं माणूस जमलेलं, त्यात टेप चालू. हात सुटला तो सुटलाच.

"तिनं मला हळू वाजव म्हटलं, ते मला तवा ऐकूच आलं न्हाई," सर म्हणाले. "पुढच्या पावसाळ्यात ती काविळीनं गेली. मंग कॅसेट लावली, तवा ऐकलं."

मी वॉकमन बंद केला.

"लोक म्हणतात, काय गायची तुमची अक्का! सगळ्या पंचक्रोशीनं ऐकलं तिला. मी तिला नीट कधी ऐकलंच न्हाई, बाई. मी वाजवून राह्यलो होतो."

तर असा होता तो शोध. ढोलकीखालून अक्काचा आवाज वर काढील असा हेडफोन त्यांना हवा होता. मी हे खोलीत सांगितलं आणि त्यानंतर पाण्याला पळणं बंद झालं. सगळे आपापल्या पाळीनं कानाला लावायचे. सर समोर बसून विचारायचे, "हसली का? आलं का ऐकू?" मग "आलं" म्हटलं की त्यांचा चेहरा असा उजळायचा, जणू आपल्या घरचं माणूस त्यांनी आम्हाला दाखवलं आणि आम्ही नमस्कार केला.

विज्ञानाच्या सरांनी त्यांना सावध केलं होतं. "अहो, फीत घासली जाते. दुसऱ्या कॅसेटवर उतरवून घ्या, ती वाजवा, ही जपून ठेवा." रशीदभाईही तेच म्हणाले, आणि एकदा त्यांच्याच दुकानात एक कडवं उतरवून त्यांनी सरांना ऐकवलं. सरांनी डोळे मिटून ऐकलं आणि मान हलवली. "यात तिच्यावर भुस्सा पडल्यासारखं झालं. एकदा उतरवली की ती एक पाऊल लांब गेली. मला तीच पाहिजे, तिची नक्कल न्हाई." इतका हुशार माणूस, पोरांना शिकवताना एक पायरी गाळू द्यायचा नाही. पण इथं कोणाचंच ऐकलं नाही. मूळ कॅसेटच दर आठवड्याला वाजत राहिली, दर नव्या हेडफोनवर, दर नव्या कानासाठी.

वर्षं गेली. हेडफोन बदलत गेले. कान झाकणारे मोठे आले, मानेमागून जाणारे आले, कानात बोंडासारखे खुपसायचे आले. सरांचे गुण मात्र उतरत गेले. सात होते ते पाच झाले, पाचाचे तीन. "आजकालच्या मालात दम न्हाई," ते म्हणायचे. "पूर्वीचा साधा होता, पण खरा होता." मग जुना साधा हेडफोन काढायचे, आणि तोही नापास व्हायचा. त्यांना वाटायचं, तोही बिघडला.

आता तुम्हाला कळलं असेल. आम्हालाही कळत होतं. आधी तिचं हसू विरलं, मग ती बोलायची ते शब्द. पण "आता हसती, बघा," असं म्हणून सर बोट वर करायचे आणि आम्ही सगळे माना डोलवायचो. ती कुठं हसते हे आम्हाला पाठ झालं होतं.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी रशीदभाईंनी कॅसेटी काढून टाकल्या आणि मोबाइलचं दुकान मांडलं. जाता जाता त्यांनी सरांना सांगितलं की जालन्यात लग्नाच्या कॅसेटींची सीडी करून देणारा एक माणूस आहे, तो कॉम्प्युटरवर बेस कमी करतो. बेस कमी करतो म्हटल्यावर सर निघालेच. मला जालन्याला बहिणीकडे जायचं होतं, म्हणून मीही बरोबर गेले.

त्या स्टुडिओवाल्याकडे एक जाडजूड, मऊ गादीचा हेडफोन होता. सरांनी तो आधी हातात घेऊन दाबून पाहिला, मग माझ्या कानावर ठेवला. "टोचतो का?"

"बिलकुल नाही," मी म्हणाले.

"हा पास," सर म्हणाले. फार दिवसांनी ते असे खुलले होते.

स्टुडिओवाल्यानं कॅसेट चालवली, पडद्यावर हिरव्या रेषा उड्या मारू लागल्या. त्यानं एक कळ खाली ओढली, दुसरी वर केली. पुन्हा मागे घेऊन ऐकलं. शेवटी हेडफोन गळ्यात उतरवून म्हणाला, "सर, बेस काढला तर काहीच उरून नाही राह्यलं. बाईचा आवाज फितीवर ऱ्हायलाच नाही. बारीक आवाज आधी झिजतात. ढोलकी जाड, ती टिकली. लई वाजवली का ही कॅसेट?"

"तिलाच ऐकायला वाजवली," सर म्हणाले.

त्यानं बिचाऱ्यानं ढोलकीची तरी सीडी करून देऊ का विचारलं. सरांनी नको म्हटलं. कॅसेट रुमालात गुंडाळली, खिशात ठेवली आणि आम्ही स्टँडवर आलो.

परतीच्या गाडीत राजूर मागे पडेपर्यंत ते खिडकीबाहेर बघत होते. मग एकदम माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही ऐकलं होतं ना बराबर? ती कशी म्हणायची, म्हणून दाखवा बरं."

मी इकडेतिकडे बघितलं, गळा साफ केला आणि म्हटलं, "हळू रे भाऊ. माझं ऐकू दे की लोकांना."

सर हसले. "तुमचं पुस्तकातलं झालं, बाई. ती लोकाला म्हणायची." हसता हसता त्यांनी चष्मा काढून पुसला, त्याच रुमालानं. कॅसेट मांडीवर उघडी पडली होती.

थोड्या वेळानं पाहिलं तर पुढच्या सीटच्या दांड्यावर त्यांची बोटं चालली होती. तोच ठेका. पण इतका हळू, की गाडीच्या खडखडाटात मला तो ऐकू येत नव्हता, नुसती बोटं दिसत होती. दुसऱ्या कडव्याच्या जागी ती थांबली. थोडी वाट बघितली आणि मग पुन्हा सुरू झाली.

निवृत्त होऊन सर गावी गेले आणि फार दिवस राहिले नाहीत. छातीत दुखलं आणि संपलं. पुढच्या चौदा एप्रिलला त्यांच्या मुलानं आम्हाला आग्रहानं बोलावलं. "बाबांची माणसं यायला पाहिजेत," म्हणाला. विहारासमोर मांडव होता, कडेला माणसाएवढे साउंडबॉक्स. गायला एक नवीन मुलगी उभी राहिली, अंगानं बारीक, पण उभं राहणं ठाम. ढोलकीवाला तरणाबांड, घामानं निथळत वाजवत होता. लोक खूश होते. मुलीचे ओठ हलताना दिसत होते, एवढंच.

मला कधी असं करायची सवय नाही. निवृत्त झालेली बाई मी, पुढच्या रांगेत पाहुणी म्हणून बसलेली. पण दुसरं कडवं सुरू व्हायच्या आधी मी उठले, तशीच पुढे गेले आणि ढोलकीवाल्याजवळ वाकले.

"हळू रे भाऊ," मी म्हणाले. "तिचं ऐकू दे की लोकाला."

म्हातारी वैतागली असं त्याला वाटलं असेल. त्यानं दचकून हात आवरला, आणि मुलीचा आवाज मांडवभर मोकळा झाला.

मी परत जागेवर येऊन बसले. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे माझी मान आपोआप वळली. आलं का ऐकू, असं विचारायचं होतं.