मागच्या बाजूची ओळ

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. बीएस्सी, विषय फिजिक्स. हे मी कुणी न विचारता सांगते आणि त्यात मला काही वावगं वाटत नाही. पुण्यात अल्ट्रासोनिक टेस्टिंगच्या कोर्सला नंबर लागला तेव्हा आमच्या निम्म्या जळकोट गावाला मीच समजावून सांगितलं होतं. लोखंडात आवाजाच्या लहरी सोडायच्या, आत चीर असली की लहर तिथूनच माघारी फिरते, मशीनच्या पडद्यावर टोक उभं राहतं. कापायचं नाही, फोडायचं नाही.

"म्हंजी वरून आतलं कळतंय व्हय?" आबा, म्हणजे माझे वडील, पुन्हा पुन्हा विचारायचे.

"कळतंय की. बघणाऱ्याची नजर पायजे फक्त."

आणि नजरेचीच माझी बोंब होती.

तयारीसाठी कोर्सवाल्यांनी मोबाईलवर नोट्स पाठवल्या होत्या. साइन-कोसाइन पुन्हा उकरून काढले, पोलादात आवाज कसा वळतो ते वहीत आकृत्या काढून बघितलं. पण थोडं वाचलं की अक्षरं एकमेकांत मिसळायची, कपाळ ठणकायचं. कॉलेजात असल्यापासून हे असंच. चष्मा लागणार हे मला कळत होतं, आईलाही कळत होतं. पण आमच्याकडं लग्नाच्या पोरीला चष्मा लावत नाहीत, आणि लावलाच तर पाव्हणे बघायला आले की तो उतरंडीमागं जातो. आईचं ठरलेलं होतं, "लगीन झाल्यावर घाल की. मग कोण इचारतंय?" सगळं तिच्यावर ढकलणार नाही. आरशात चष्मा मलाही नको होता.

कोर्सला डोळ्यांचा दाखला लागत होता. जवळचं बारीक अक्षर वाचता आलं पाहिजे, रंग ओळखता आले पाहिजेत. दाखला नाही तर प्रवेश नाही. म्हणून आबांना घेऊन नळदुर्गला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेले.

खोली एकच. तपासणी तिथंच, बाकडंही तिथंच. माझ्या आधी एक रिटायर गुरुजी नजर तपासायचं कार्ड हातात धरून वाचत होते, तेही वर्गात वाचावं तसं खणखणीत. सगळ्यात खालची ओळ त्यांनी दोनदा वाचली : 'तळ्याच्या काठावर पांढरे बगळे एका पायावर उभे होते.' पाठांतर माझं पहिल्यापासून पक्कं. सिद्धता समजो न समजो, मी घडाघडा लिहायचे, मार्क पडायचे. बाकड्यावर बसल्या बसल्या ते बगळेही पाठ करून टाकले.

माझा नंबर आला. रंगीत ठिपक्यांतले आकडे पटापट सांगितले. मग कार्ड हातात आलं. वरच्या मोठ्या ओळी वाचल्या. त्या गुरुजींच्या ओळींसारख्या नव्हत्या, हे वाचताना जाणवलंही. पण तोंड चालू झालं होतं. तळाशी मला नुसती काळपट रेघ दिसत होती. मी न अडखळता म्हणाले, "तळ्याच्या काठावर पांढरे बगळे..."

डॉक्टरांनी वाकून कार्डाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "ताई, ती ओळ मागच्या बाजूला आहे."

फ्रेमी चाळत उभे असलेले गुरुजी खो खो हसले. "वा गं वा! माझ्याच पेपरात बघून लिहिलंस की!" बाकडं सगळं हसलं. आबांना काय झालं ते उमगलंच नव्हतं. ते पुढं झाले. "वाच की बाय," मला म्हणाले, आणि डॉक्टरांना, "बीएस्सी हाय ती, साहेब. फिजिक्स."

त्या क्षणी ते बोलले नसते तर बरं झालं असतं. बीएस्सीच्या परीक्षेत भिंगावरच्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मार्क होते. आता माझी मान वर होईना.

डॉक्टरांनी दाखला कशासाठी ते विचारलं. लोखंडातल्या चिरा शोधायला, असं सांगताना मला माझाच आवाज ऐकू येईना. त्यांनी माझ्या मोबाईलवर आलेली कोर्सची सूचना शेवटपर्यंत वाचली. "अहो, इथं लिहिलंय की. चष्मा लावून दिसलं तरी चालतं." ती ओळ सगळ्यात खाली, बारीक अक्षरात होती. मी तिथवर कधी पोचलेच नव्हते.

त्यांनी डोळ्यांपुढं काचा बसवल्या. काळपट रेघेची अक्षरं झाली : 'दुकानदाराने तराजू पुसून ठेवला.' मी वाचलं. या वेळी कुणी हसलं नाही, तरी कानाची पाळी तापलेलीच होती.

चष्मा संध्याकाळपर्यंत मिळाला. एसटीत शेजारी बसलेल्या आबांच्या कॉलरचा एकेक टाका दिसत होता. जळकोट आलं तसे ते खिडकीबाहेर बघतच म्हणाले, "काढून ठेव. स्टँडवर माणसं असत्यात." मी काढला. नको असं कुठल्या तोंडानं म्हणणार?

पुण्याला निघायच्या दिवशी मात्र घरातूनच घालून निघाले. कुणी विचारलं तर काय सांगायचं ते वाक्य तयार होतं : मला नंबर आहे, मी चष्मा वापरते. रस्त्यात दोनदा मनात म्हणूनही बघितलं.

आई सोडायला आली होती. स्टँडवर शेजारच्या काकू भेटल्या. "अगंबया! डोळ्याला काय झालं गं पोरी?"

मी बॅगेची चेन उघडली, परत लावली.

"डोळं कच्चं हायत तिचं," आई म्हणाली. "लई दिसापासनं. चष्म्याबिगर वाचाय येत न्हाय."

"आन् पाव्हण्यास्नी?"

"त्यास्नी बी हेच सांगू. लपवून काय करावं?" असं म्हणत तिनं माझ्या हातातली बॅग घेतली, कारण गाडी येताना तिला माझ्या आधी दिसली होती.

मी चढले, खिडकीशी बसले. आई खालून काहीतरी सांगत होती, मी नुसती मान हलवत होते. पाठ केलेलं वाक्य तोंडातच राहिलं.