काकांना काय दाखवायचं

ऑफिसात माझी एक ख्याती होती. शुक्रवार दुपार झाली की कुणीतरी विचारायचंच, "वीकेंडला काय बघू, सांग." मी माणूस बघून सांगायचे. नुकतंच लग्न मोडलेल्या एकाला खुनाच्या तपासाची मालिका सुचवली होती, ती त्याला फार आवडली. पुण्याहून बंगळुरूला आले तेव्हा इथे ओळखीचं कुणी नव्हतं. संध्याकाळी बघण्यापलीकडे काही करायला नसायचं, त्यामुळे माझं पुष्कळ बघून झालेलं.

घरून काम सुरू झालं तशी मी मारतहळ्ळीची खोली सोडली आणि मल्लेश्वरमला एका जुन्या मराठी कुटुंबाच्या घरी वरच्या मजल्यावर राहायला आले. खाली घरमालक काका-काकू. काका सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त झालेले इंजिनियर, मुलगा कॅनडात. मी आले तेव्हाच काका अंथरुणाला खिळलेले होते. या आजारात एकेक स्नायू निकामी होत जातो. आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं, मग गिळणं. पोटात घातलेल्या नळीतून अन्न द्यावं लागायचं. श्वासासाठी नाकातोंडावर मास्क. डोळे तेवढे हलत. मिटले की हो, वर बघितलं की नाही. आधी अक्षरांचा तक्ता धरून शब्द जुळवायचा प्रयत्न झाला होता. पण काका थकून जायचे आणि काकूंना रडू फुटायचं, म्हणून तो बंद पडला.

समोरच्या टीव्हीवर सकाळपासून भजनं लागलेली असत. एकदा भाड्याचं बोलायला खाली गेले होते, तेव्हा सहज काकांना विचारलं, "काका, तुम्हाला आवडतात का ही भजनं?"

त्यांनी वर बघितलं. बराच वेळ वरच बघत राहिले.

काकू गोंधळल्या. म्हणाल्या, "अगं, मला वाटलं मनाला बरं वाटेल. देवाचं नाव कानावर पडतं."

त्या दिवसापासून दुपारच्या सुट्टीत मी खाली जायला लागले. माझं सिनेमे-मालिकांचं खातं त्यांच्या टीव्हीवर चालू करून दिलं. एकेका कार्यक्रमाचं चित्र पुढे सरकवायचं आणि काकांच्या डोळ्यांकडे बघायचं. मी सुचवलेलं त्यांना फारसं पटायचं नाही. पक्षी नकोत, हिमालय नको, विनोदी मालिका तर मुळीच नको. पूल कसे कोसळले, विमान का पडलं, धरणाला तडा कुठून गेला, असलं काही आलं की डोळे मिटत. काकू आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणायच्या, "आजारी माणसाने स्वल्प, थोडं तरी, चांगलं बघावं की नाही?" पण काका बघत असताना त्यांच्या चेहऱ्यात, जो आता हलत नव्हता, काहीतरी जागं असायचं. त्यांना अजून काय हवं-नको विचारता येतं, याचं मला अप्रूप वाटत होतं.

एका दुपारी अशीच चित्रं सरकवत होते. त्यात काकांसारखाच मास्क लावलेल्या एका माणसाचं चित्र आलं. त्याला हाच आजार होता. गळ्याला भोक पाडून श्वासाचं कायमचं मशीन लावून घ्यायला त्याने नकार दिला होता, त्याच्यावरचा माहितीपट. मी घाईने पुढे गेले. काकांनी वर बघितलं. त्यापुढचं दाखवलं, तरी वर. पाच-सहा झाली, नजर खाली येईना. शेवटी मी मागे आले. त्यांनी डोळे मिटले.

काकू स्वयंपाकघरात होत्या. मी तो लावला.

अर्ध्यावर काकू आल्या आणि दारातच उभ्या राहिल्या. काही वेळाने रिमोट घेऊन त्यांनी टीव्ही बंद केला. काकांनी वर बघितलं. काकूंनी पुन्हा चालू केला आणि पलंगाच्या कडेला बसून शेवटपर्यंत बघितला. मग विचारलं, "अहो, तुम्हालाही मशीन नकोय का?"

काकांचे डोळे मिटले.

"दमले असतील," काकू माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मग उलटं विचारलं, "मशीन लावायचं ना?"

त्यांनी वर बघितलं.

गळ्याचं ऑपरेशन लवकरच करायचं ठरलेलं होतं. डॉक्टर, मुलगा आणि काकू यांच्यात ठरलं होतं. पुढे कितीतरी दिवस काकू तेच विचारत राहिल्या, आंघोळ घालताना, औषध देताना, शब्द बदलून बदलून. उत्तर बदललं नाही. डॉक्टरांनी घरी येऊन स्वतः विचारलं, त्यांनाही तेच मिळालं. मुलाला फोनवर सांगितलं तेव्हा काकूंनी फोन माझ्या हातात दिला.

"तुम्हाला दुसरं काही दाखवायला सुचलं नाही?" तो म्हणाला. "ते आधी ठीक होते."

मी म्हटलं, निवड त्यांचीच होती. त्याने फोन ठेवला.

थंडीत काकांच्या छातीत कफ भरला. ऑपरेशन रद्द करतानाच दवाखान्यातही न्यायचं नाही असं ठरलं होतं. माहितीपटातल्या माणसाने बागेकडच्या खिडकीशी प्राण सोडला होता, मागे हळू संगीत होतं. इथे सकाळपासून दुपारपर्यंत घशातली घरघर चालली होती, शेजारच्या घरी कुकरच्या शिट्ट्या होत होत्या, आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध पुरेसं आहे की नाही तेच आम्हाला कळत नव्हतं. काकू त्यांचा हात धरून बसल्या होत्या. शेवटी काकांचे डोळे उघडले, बुबुळं वर गेली आणि तशीच राहिली.

मुलगा आला, दिवस करून परत गेला. माझ्याशी बोलला नाही. काकूंना बरोबर चला म्हणत होता, त्या गेल्या नाहीत.

तेरावं झाल्यावर काकू वर आल्या. खुर्चीवर बसल्या, पाणी प्यायल्या. म्हणाल्या, "शेवटी वर बघितलं त्यांनी. तू पण बघितलंस ना? नाही म्हणत होते का गं? मशीन लावा म्हणत होते का?"

मी म्हटलं, "काकू, जाताना सगळ्यांचेच डोळे असे वर जातात. डॉक्टरांनी सांगितलंय."

"सरी," त्या म्हणाल्या, कानडीत 'बरं' म्हणतात तसं.

खरं तर डॉक्टरांनी तसं काही सांगितलेलं नव्हतं. मी नंतर त्यांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, असं होतं बऱ्याचदा, पण मी तिथे नव्हतो, मी काय सांगू. हे मी काकूंना सांगितलं नाही. त्या अजूनही अधूनमधून जिन्याशी थांबवून तोच प्रश्न विचारतात. मी तेच उत्तर देते, आणि त्या मान हलवून आत जातात.