पर्यायकाकांचा पाच दिवसांचा अर्ज

पाणीपुरवठा कचेरीतल्या हेडक्लार्कना सगळे पर्यायकाका म्हणत, आणि त्यांना ते आवडायचंसुद्धा. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी इंग्रजी पत्रात ‘गिव्ह’ हा शब्द एकदाही लिहिला नव्हता. गिव्ह म्हणजे देणे, हे शाळेतलं पोरही सांगेल. मग हेडक्लार्क हवा कशाला? पाणी द्यायचं तर ‘सप्लाय’, माहिती द्यायची तर ‘फर्निश’, सवलत असली तर ‘ग्रँट’, आणि वरच्या साहेबांनी काही दिलं तर थेट ‘बिस्टो’. हुद्दा जेवढा मोठा, तेवढं देणं अवघड. प्रत्यक्षात कुणाच्या पदरात काही पडायचं का, ते मात्र विचारू नका.

घरीही तीच तऱ्हा. बायको म्हणाली, “जरा मीठ द्या,” की हे म्हणत, “द्या काय? सरकवा म्हण.” ती बिचारी स्वतःच उठून मीठ घ्यायला शिकली होती.

त्या सोमवारी कचेरीतला शिपाई त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. निवृत्त झाला होता, शनिवारी सरकारी खोली सोडायची होती. नवी जागा तिसऱ्या मजल्यावर, आणि बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं. महिनाभर जिना चढायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“एक महिना राहू द्या, एवढंच लिहायचंय, साहेब.”

“कागद माझ्यावर सोड,” काका म्हणाले. बावीस वर्षं याच्या हातचा चहा प्यालेला माणूस तो. त्यांना खरंच मनापासून वाटत होतं की याचं काम व्हावं. तिथंच तर घोटाळा झाला.

सोमवारी त्यांनी ‘अलाउ’ लिहिलं. वाचून पाहिलं, तर आईनं पोराला खेळायला सोडल्यासारखं वाटलं. मंगळवारी ‘ग्रँट’, पण ते तर रजेच्या अर्जातही असतं. बुधवारी जाडा शब्दकोश निघाला. शिपाई रोज दारातून विचारायचा, “झालं का, साहेब?” आणि काका म्हणायचे, “घाई करू नकोस. बोट ठेवायला जागा राहणार नाही, असा कागद करतोय.” गुरुवारी त्यांना ‘व्हाउचसेफ’ सापडला, म्हणजे थोरामोठ्यानं कृपावंत होऊन देणे. काका इतके खूश झाले की समोरचा चहा गार झाला.

शुक्रवारी सकाळी अर्ज आत गेला. आता या कचेरीतली एक रीत सांगायला हवी. साहेबांना एखादी गोष्ट कळली नाही, तर ते विचारत नसत. विचारलं म्हणजे येत नाही हे कबूल केलं! ते कोपऱ्यात ‘चर्चा करावी’ असा शेरा मारत आणि कागद बाजूला सारत. त्या ढिगात गेलेला कागद कधी वर येईल, ते देवालाच ठाऊक. साहेबांनी तो शब्द दोनदा वाचला. शब्दकोश काकांच्या टेबलावर. तो मागवला असता तर अब्रूच गेली असती. त्यांनी शेरा मारला.

शनिवारी काका दहापासून केबिनबाहेर ताटकळत होते. अकराला आत बोलावणं आलं.

“त्या शिपायाचं नेमकं म्हणणं काय आहे हो?” साहेबांनी विचारलं.

काका म्हणाले, “त्याच्या बायकोला जिना चढता येत नाही, साहेब. एक महिना खोली द्या.”

“एवढंच? मग तसं लिहायचं ना. कालच मी ती खोली नव्या ड्रायव्हरला दिली. तो सामान घेऊन पोचलाही असेल.”

काका धावतच खाली, कचेरीमागच्या सरकारी खोल्यांकडे गेले. शिपाई आणि त्याचा मेहुणा त्याच्या बायकोला खुर्चीवर बसवून खुर्चीसकट उचलून बाहेर आणत होते. दर पावलाला तिचा चेहरा वाकडा होत होता. काकांना पाहून शिपाई थांबला.

“तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, साहेब. पाच दिवस खपून लिहिलंत माझ्यासाठी. मोठ्या साहेबांच्याच मनात नव्हतं, त्याला तुम्ही काय करणार?”

खरं काय ते सांगणं काकांच्या जिवावर आलं. त्यांनी खुर्ची एका बाजूनं धरली आणि तिसरा मजला येईपर्यंत सोडली नाही.