उलट्या बाजूची भिंत

बाबा एका कारखान्यात कंत्राटावर होते. काम असलं तर असलं. आई डबे करायची. बडोद्याच्या कडेला छाणीत आमची एकच खोली होती आणि मी मोठ्याने पाठ करायला बसले की टीव्ही बंद, बोलणं बंद. "एकदाही अडखळली नाही!" बाबा शेजाऱ्यांना सांगायचे. आमच्याकडे अभ्यास म्हणजे आवाज. त्याच आवाजाच्या जोरावर मी बडोद्यातल्या इंजिनियरिंग कॉलेजात पोचले.

दुसऱ्या वर्षी स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्स, म्हणजे कुठली वस्तू किती भार सोसते, या विषयात मी नापास झाले. पुस्तकातल्या आकृतीत भिंत डावीकडे होती आणि तिच्यातून तुळई बाहेर आलेली. पेपरात भिंत उजवीकडे होती. मी डाव्या भिंतीचं उत्तर अख्खं लिहून आले. पुन्हा नापास झाले असते तर वर्ष गेलं असतं, आणि घरी आणखी एक वर्ष परवडणारं नव्हतं.

हा विषय शिकवणाऱ्या मॅडम गुजराती. त्यांनी पेपर बघितला, रागावल्या नाहीत. खोडरबराच्या कडेवर पेनाने उभ्या रेघा मारल्या, मधून एक आडवी, आणि तो वाकवून माझ्यापुढे धरला. "जो दीकरा. गोखवानुं बंद कर. शुं देखाय छे?" घोकणं बंद कर, काय दिसतंय ते सांग, म्हणाल्या.

उभ्या रेघांची वरची टोकं फाकली होती, खालची जवळ आली होती. मधली आडवी रेघ वाकली होती, पण ताणली नव्हती. तुळई वाकण्याचं जे सूत्र मी तोंडपाठ म्हणत होते ते हे होतं, होय!

त्या दिवसापासून मी गप्प बसून अभ्यास करू लागले. बाबांचा जीव खालीवर.

"काय गं, सोडलास की काय अभ्यास?"

"मनात करतेय, बाबा."

"मनात? मग आम्हाला कसं कळायचं?"

मी खोडरबर त्यांच्या हातात दिला. त्यांनी वाकवला, पुन्हा वाकवला. "एवढंच आहे होय? मग इतके दिवस ओरडत काय होतीस?" आई हसली. पण त्यानंतर मी गप्प बसले तरी टीव्ही बंदच राहिला. आईबाबांचे उपकार मी विसरणार नाही, आणि मॅडमचेही.

फेरपरीक्षेत तुळईला भिंतच नव्हती. दोन टेकू, आणि एक टोक बाहेर लोंबतं. असली आकृती मी कधी पाहिली नव्हती. मनातल्या मनात ती वाकवली, कुठे ताणेल ते पाहिलं आणि मगच पेन उचललं.

मी पास झाले. आमच्या घरातली पहिली पदवीधर झाले. आज बडोद्यातच, मकरपुऱ्यातल्या एका कारखान्यात क्रेनच्या तुळयांचं डिझाइन करते.