दोन मिनिटांचा तंबू आणि आप्पांची तार

माझे वडील वारल्याची तार गावाला गेली, तेव्हा वडील आमच्या ओट्यावर बसून चहा पीत होते. या मरणाला जबाबदार होता एक तंबू.

(तंबूच! माझ्या तापट स्वभावामुळे हे झालं असं घरात आजही बोललं जातं, आणि ते ऐकलं की माझं टाळकं सटकतं.)

सत्तर-बाहत्तरचा सुमार. आम्ही भाईंदरला खाडीच्या बाजूला एका बैठ्या चाळीत राहायचो. मी स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात कामाला. घरात माझे वडील आप्पा, बायको सुशीला आणि दोन पोरं. लग्नाला बारा वर्षं झालेली, आणि बाराही वर्षं मे महिन्यात आम्ही एकाच ठिकाणी गेलो होतो: राजापूरजवळच्या आमच्या गावी. तिथं मी कलमाखाली खाटेवर लोळायचो आणि सुशीला वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची.

त्या वर्षी पोरं आजोळी गेली आणि सुशीलानं लाटणं खाली ठेवलं.

"अहो, यंदा मी गावी येणार नाही. चार दिवस मला अशा ठिकाणी न्या, जिथं मला कोणी ओळखत नाही आणि जिथं चूल माझी नाही."

"मग जेवायचं काय? वारा?"

"ते तुम्ही बघा."

माझं डोकं फिरलं. "बघतोच! केळव्याला जाऊ, समुद्रावर तंबू ठोकून राहू, आणि चारही दिवस स्वयंपाक मी करीन!"

(रागात माणूस काय वाट्टेल ते बोलतो. बायकोनं ते लक्षात ठेवायचं नसतं.)

तंबू घ्यायला दोघं मुंबईच्या जुन्या बाजारात गेलो. मिलिटरीतल्या जुन्या मालाचं दुकान. सुशीलाला एक हिरवा तंबू आवडला. जाडजूड, सगळे खांब-खुंट्या मोजून बांधलेला.

"इसको खडा करने में कितना टाइम?" मी विचारलं.

"पौना घंटा, साहब."

पाऊण तास! मला तीन मिनिटं दूध तापायची वाट बघवत नाही. मी भडकलोच. मग त्यानं आतून एक पांढरा तंबू आणला. "ये देखो, दो मिनट!" म्हणाला, एक दोरी ओढली आणि फर्रकन तंबू उभा! मी टाळी वाजवली.

"अहो, वर एकदा बघा तरी," सुशीला कुजबुजली.

"तू गप्प बस. तंबूतलं तुला काय कळतं?"

पांढराच घेतला.

शनिवारी निघायचं होतं. गुरुवारी दुपारी रजा टाकून मी अंगणात तालीम घेतली. दोरी ओढली. काही नाही. परत ओढली. तंबू माझ्या अंगावर! आत घामानं निथळत असताना माझ्या डोक्यात उजेड पडला: दुकानात या तंबूचं टोक वर छताच्या कडीला अडकवलेलं होतं! आता केळव्याच्या समुद्रावर छत कुठून आणू? पिशवीत खांब म्हणून दीड काठी निघाली. मी त्या दुकानदाराला जे काही बोललो ते इथं छापता यायचं नाही.

माझा आवाज ऐकून शेजारचे धर्माकाका आले. जातीचे कोळी, हयात होडीवर गेलेली.

"अरं, असा ह्यो उभा न्हाय ऱ्हायाचा. खाडीचा वारा हाय. थांब जरा."

"काका, मला कुणाची मदत नकोय!"

पण माझं ऐकतंय कोण! काकांनी दोन लांब बांबू आणले. सुतळीचा गुंडा आणला. आत अंथरायला भाताचा पेंढा आणला. कापडाच्या टोकाला वजन म्हणून वाळू भरायला मातीचं मडकं आणलं. सगळं अंगणात ओळीनं मांडलं, बांबू शेजारी शेजारी ठेवले, वर पांढरं कापड पसरलं आणि जाड दोर आणायला म्हणून होडीकडे निघून गेले.

इकडे सुशीला दारात बसली. "मला माहितीच होतं. माझ्या नशिबात कुठं जाणं नाहीच," म्हणाली आणि पदर तोंडाला लावून हुंदके द्यायला लागली.

नेमके तेव्हाच समोरचे किराणावाले कांतीभाई आले. त्यांनी अंगण बघितलं. दोन बांबू. सुतळी. पेंढा. मडकं. पांढरं कापड. दारात रडणारी सून. आत खाटेवर आप्पा, माश्या बसू नयेत म्हणून डोक्यापासून पायापर्यंत पांढरं धोतर ओढून सरळ झोपलेले!

कांतीभाईंनी डोक्यावरची टोपी काढली. "साळवीसेठ… ये कब हुआ?"

मला वाटलं, हा माझी टर उडवतोय!

"कुछ पूछो मत! जो दिखता है वो दिखता है! जाव यहाँ से!"

बिचारे मान खाली घालून गेले. दुकानाची एक फळी लावली. माझं डोकं ठिकाणावर नाही, तेव्हा शेजारधर्म आपणच पाळावा, असं त्यांनी ठरवलं. आमच्या गावाहून आलेली आंब्याची रिकामी पेटी मी त्यांना कांदे ठेवायला दिली होती. तिच्यावर गावचा पत्ता होता. तो त्यांनी उतरवून घेतला, पोस्टात गेले आणि अर्जंट तार ठोकली: वडील वारले, ताबडतोब निघा.

पोस्टातून परत येतात, तर आप्पा ओट्यावर! बशीत चहा ओतून फुर्र फुर्र करतायत! कांतीभाई धावत माझ्याकडे आले.

"साळवीसेठ, एक बात बोलनी थी…"

"बोला था ना, कुछ पूछो मत!"

शुक्रवारी परत आले. "सेठ, वो तार…"

"तार, दोरी, खांब, नाव काढू नका माझ्यासमोर!"

मग काय, ते आलेच नाहीत.

दरम्यान धर्माकाकांनी बांबूला दोर लावून, होडीचं शीड चढवावं तसा तो तंबू चुटकीसरशी उभा केला आणि सुशीलाला शिकवला. (मला नाही. मी रुसलो होतो.)

शनिवारी सकाळी सुशीला नवं पातळ नेसून तयार. बारा वर्षांत तिला मी एवढी खूश बघितली नव्हती. आप्पांच्या जेवणाची सोय धर्माकाकांकडे लावली होती. मी पिशवी उचलली, आणि गल्लीच्या तोंडाशी गळा काढलेला ऐकू आला.

"दादा रेऽऽ! मला न सांगता गेलास रेऽऽ!"

माझी आत्या! पाठीमागे गावची दहा माणसं. पोचवायला अंगणात आलेल्या आप्पांच्या समोरच ती छाती बडवायला लागली. आप्पा घाबरले. "कोण गेलं गं?" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता बहिणीच्या गळ्यात पडून तेही रडायला लागले!

चुलतभाऊ बबन पुढे आला. त्यानं पनवेलच्या स्टँडवर डोकं आणि मिशी, दोन्ही उतरवून टाकली होती.

"आप्पा जिवंत हायत? मग माझी मिशी?"

"मला काय विचारतोस? मी सांगितलं होतं का कापायला?"

"तार कोणी केली?"

समोरच्या दुकानाची फळी हळूच लागली. मी ओरडत धावलो. आतून आवाज आला, "सेठ, मैं दो बार बोलने आया था!"

परत येऊन बघतो, तर अकरा माणसं ओट्यावर टेकलेली. रात्रभर एसटीत उपाशी. आत्या डोळे पुसत म्हणाली, "सुशीले, आता जीव भांड्यात पडला. चहा टाक, आणि भाकऱ्यांचं बघ."

सुशीलानं पिशवी खाली ठेवली. मला वाटलं, ही आता रडेल. ती रडली नाही. तिनं पांढरा तंबू काढला, अंगणात बांबू रोवले, दोर ओढला. दोन मिनिटं! उशी घेतली, दोन मासिकं घेतली आणि आत शिरली.

"अगं, हे काय?"

"मी केळव्याला आहे. मंगळवारी येईन." आणि पडदा लागला.

"अगं, अकरा माणसं आहेत!"

"स्वयंपाक तुम्ही करणार होतात ना?"

मी चिडलो, ओरडलो, पाय आपटले. आत्यानं कपाळावर हात मारून घेतला. आप्पा म्हणाले, "बोललास ना? मग कर."

पहिल्या दिवशी भात करपला. दुसऱ्या दिवशी भाकरी तव्याला अशी चिकटली की बबननं ती कोयत्यानं काढली. तिसऱ्या दिवशी मी हात जोडून तंबूपाशी गेलो.

"अगं, अकरा माणसांच्या आमटीत मीठ किती घालू?"

"कोण तुम्ही?" आतून आवाज आला. "इथं मला कोणी ओळखत नाही."

मंगळवारी गावची मंडळी एकदाची गेली. (ठरल्यापेक्षा एक दिवस आधीच गेली, जेवणामुळे.) सुशीला तंबूतून बाहेर आली. चेहरा कसा ताजातवाना! दारात उभी राहून तिनं घरात नजर फिरवली आणि म्हणाली, "तंबू चांगला निवडलात हो."

माझ्या निवडीचं बारा वर्षांतलं हे पहिलं कौतुक. आणि मला धड रागावताही येईना, कारण माझे दोन्ही हात कोपरापर्यंत करपलेल्या टोपात होते.